लघुउद्योगाचा आराखडा कोणाच्या हाती?



कारखाना आधी कागदावर उभा राहतो आणि मग जमिनीवर, ही गोष्ट सातारा-सांगली भागाला नव्याने सांगावयास नको. १९१० साली कुंडलच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंग ओळखण्यात दृष्टी उणी पडते असे आढळल्यावर त्यांनी रंगकाम सोडले व ते यांत्रिक रेखनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवीत असत. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर त्यांनी पुढे जे नांगर आणि पंप घडविले, त्यांच्या मुळाशी आराखडा काढणारा हात होता.

त्या काळचा आराखडा कागदावर असे. तो घडी करून कपाटात ठेवला आणि कुलूप लावले की तो कारखान्याच्या मालकीचा झाला. वीस वर्षांनी कपाट उघडले तरी कागद वाचता येत असे. कागद ज्या कंपनीने तयार केला ती कंपनी बुडाली किंवा विकली गेली, म्हणून त्यावरच्या रेषा पुसल्या जात नसत. आज इलेक्ट्रॉनिक वस्तू बनविणाऱ्या लहान कारखान्याची स्थिती वेगळी आहे. त्याचा आराखडा संगणकात असतो आणि ज्या सॉफ्टवेअरने तो काढला त्याच सॉफ्टवेअरने तो बहुधा उघडतो. ते सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मालकीचे असते. तेव्हा आराखडा खरोखर कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आजच्या विषयाचा गाभा आहे. सॉफ्टवेअरमध्ये किती सोयी आहेत, चित्र किती देखणे निघते, हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

मेढ्यात हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. वेण्णेच्या काठचे हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. भोवती डोंगर, धुवाधार पाऊस, शेती थोडी. येथील कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आला. नवी मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांत जावळीच्या माणसांचा भरणा मोठा आहे. अवजड यंत्रांचा कारखाना या डोंगरात आणणे सोपे नाही. इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या कामाला मात्र मोठी जागा, पाण्याचा मोठा पुरवठा किंवा रेल्वेचा रूळ लागत नाही. एक बरी खोली, चांगला प्रकाश, सोल्डरिंगचे चार संच, मोजमापाची उपकरणे आणि डोके, एवढ्यावर आरंभ करता येतो. तयार माल एका पेटीत मावतो व एसटीनेही साताऱ्यास पोचतो.

शिवाय या भागाची गरज ओळखून वस्तू बनविणारा माणूस याच भागात असणे अधिक स्वाभाविक आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाने शेतकऱ्याला मोबाइलवरून पंप सुरू व बंद करण्याची सोय दिली. जेथे शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळते, तेथे अंधारात विहिरीपर्यंत चालत जाणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच अशा उपकरणाचे मोल कळते.

समजा, मेढ्यातील एक पदविकाधारक तरुण, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले त्याचे दोन साथीदार आणि हिशेब पाहणारी त्याची बहीण असे चौघे मिळून पंपाचा ऑटो स्टार्टर बनवू लागले. तिन्ही फेज आहेत की नाहीत हे तो पाहतो. एखादी फेज गेली तर मोटार बंद करतो, नाहीतर तिचे वाइंडिंग जळते. विहिरीतील पाणी संपले तर पंप कोरडा चालू देत नाही आणि मालकाच्या मोबाइलवर निरोप धाडतो. हे सारे करणाऱ्या फलकावर ट्रान्सफॉर्मर, रिले, मायक्रोकंट्रोलर, मोबाइलचे मॉड्यूल आणि शंभरएक लहान भाग असतात. या चौघांना पहिला निर्णय घ्यावा लागतो तो आराखड्याच्या सॉफ्टवेअरचा. आणि हा निर्णय बहुधा फारसा विचार न करता घेतला जातो. महाविद्यालयात जे हाताशी होते, मित्राने पेनड्राइव्हवर जे दिले, तेच पुढे दहा वर्षे कारखान्याच्या गळ्यात राहते.

आराखडा म्हणजे नेमके काय?

सर्किट डायग्राम हे नुसते चित्र नव्हे. कागदावर पेन्सिलीने दोन रेषा जोडल्या तर त्या केवळ रेषा असतात. सॉफ्टवेअरमध्ये दोन टोके जोडली की ‘अमुक भागाचा तिसरा पाय तमुक भागाच्या पहिल्या पायाला जोडला आहे’ अशी नोंद होते. अशा सर्व नोंदींच्या यादीला नेटलिस्ट म्हणतात. या यादीवरून पुढे पीसीबीचा, म्हणजे तांब्याच्या वाटा असलेल्या फलकाचा नकाशा तयार होतो. याच नोंदींवरून सॉफ्टवेअर काही चुका स्वतः दाखविते. एखादा पाय मोकळा राहिला, दोन आउटपुट एकमेकांवर आले, वीजपुरवठा कोठेच जोडलेला नाही, अशा चुका कागदावर नजरेतून सुटतात, येथे सुटत नाहीत. शिवाय किती रेझिस्टर, किती कपॅसिटर, कोणत्या मापाचे, ही खरेदीची यादीही तेथूनच निघते. हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीला आराखड्यातील दुसरे काही कळले नाही तरी चालेल, ही यादी मात्र तिच्या रोजच्या कामाची असते.

या साखळीचे अखेरचे टोक म्हणजे गर्बर नावाची फाइल. पीसीबी बनविणारा कारखाना तीच मागतो. ग्राहकाने कोणत्या सॉफ्टवेअरने काम केले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, गर्बर फाइल जपून ठेवली म्हणजे सारे सुरक्षित झाले. हा समज महाग पडतो. गर्बर म्हणजे छापून झालेले पुस्तक. त्याच्या आणखी प्रती काढता येतात. त्यातले वाक्य बदलणे जिकिरीचे असते. बदल करावयाचा तर हस्तलिखित हवे आणि ते हस्तलिखित म्हणजे मूळ आराखडा.

बदलाची वेळ येतेच. २०२० ते २०२२ या काळात जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा लहान कारखान्यांनी हे अनुभवले. काल सहज मिळणारा मायक्रोकंट्रोलर वर्ष वर्ष मिळेना. मिळाला तर किंमत कित्येक पट. ज्यांच्याजवळ मूळ आराखडा उघडण्याजोगा होता, त्यांनी दुसरी चिप बसवून फलक नव्याने काढला व धंदा चालू ठेवला. तुटवडा सरला तरी ही गरज सरत नाही. मोबाइलचे जाळे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाते, तसे जुने मॉड्यूल बाजारातून निघून जाते. शेतकऱ्याने घेतलेला स्टार्टर मात्र दहा-बारा वर्षे खांबावर असतो आणि त्याच्या दुरुस्तीसाठी तो मेढ्यातच येणार. सॉफ्टवेअरची निवड या दहा-बारा वर्षांच्या हिशेबाने करावयाची असते.

ईगलची कथा

‘ईगल’ या सॉफ्टवेअरचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. कॅडसॉफ्ट या जर्मन कंपनीने ते १९८८ साली बाजारात आणले. स्वस्त, आटोपशीर आणि मर्यादित आवृत्ती मोफत. त्यामुळे जगभरातील हौशी मंडळी, विद्यार्थी आणि लहान कंपन्या त्याकडे वळल्या. भारतातील अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी पहिला फलक याच सॉफ्टवेअरवर काढला. २००९ मध्ये कंपनी फार्नेल समूहाकडे गेली आणि २०१६ मध्ये ईगल ऑटोडेस्ककडे आले. पुढच्याच वर्षी एकदा पैसे भरून कायमचे विकत घेण्याची रीत संपली व वर्गणीची रीत सुरू झाली. २०२३ मध्ये ऑटोडेस्कने जाहीर केले की, ७ जून २०२६ पासून ईगल स्वतंत्रपणे मिळणार नाही. ग्राहकांनी त्यांच्या फ्यूजन या मोठ्या सॉफ्टवेअरकडे जावे.

यात कोणी कोणाला फसविले असे नव्हे. कंपनीने आपला व्यवहार पाहिला आणि सूचना तीन वर्षे आधी दिली. परंतु पंधरा वर्षांचे आराखडे ज्याने त्यात साठविले, त्याला तो निर्णय आपल्या कपाटाच्या किल्लीसंबंधी असल्याचा प्रत्यय आला. या कथेत एक दिलासाही आहे. ईगलच्या सहाव्या आवृत्तीपासून आराखडा माणसाला वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात साठविला जाऊ लागला होता. फाइलची घडण उघड झाली म्हणूनच इतर सॉफ्टवेअरना ईगलचे आराखडे आत घेण्याची सोय करता आली. त्याआधीच्या जुन्या फाइली ज्यांनी तशाच ठेवल्या, त्यांना प्रथम त्या नव्या ईगलमध्ये उघडून साठवाव्या लागतात आणि मगच बाहेर नेता येतात.

मालक बदलणे हा या व्यवसायातील अपवाद नाही, रीतच आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ऑरकॅड कंपनी १९९९ मध्ये केडन्सने घेतली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर १९८५ मध्येच आरंभ झालेल्या प्रोटेलचे पुढे आल्टियम झाले आणि २०२४ मध्ये ते जपानच्या रेनेसास कंपनीकडे गेले.

मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग

याला एक पर्याय आहे आणि लहान कारखान्याने सर्वप्रथम त्याचाच विचार करावा. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील अध्यापक झाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ‘कायकॅड’ नावाचे सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. आरंभी ते साधे व ओबडधोबड होते. २०१३ पासून जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेने आपले अभियंते त्याच्या सुधारणेस लावले. आपल्या उपकरणांचे आराखडे जगातील कोणासही, सॉफ्टवेअर विकत न घेता, उघडता यावेत ही त्या संस्थेची भूमिका होती. २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. आजचे कायकॅड हे व्यावसायिक कामास पुरे पडणारे साधन आहे. त्याला परवाना शुल्क नाही, फलकाच्या आकाराला मर्यादा नाही आणि व्यापारी उपयोगास मज्जाव नाही. ऑटोडेस्कच्या मोफत आवृत्तीत ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा फलक काढता येत नाही. ट्रान्सफॉर्मर व रिले असलेला आपला स्टार्टर तेवढ्या जागेत कोंबताना चौघांची दमछाक होईल.

शुल्क नाही हा त्याचा दुय्यम गुण समजावा. मुख्य गुण असा की, त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, त्यांची रचना जाहीर आहे आणि सॉफ्टवेअरचा मूळ संहितासंच सर्वांना खुला आहे. उद्या या प्रकल्पाचे काहीही झाले तरी आजची आवृत्ती आपल्या संगणकावर चालत राहील आणि तिचे कुलूप लावणारा कोणी दूरस्थ मालक नाही. ईगलचे आणि आल्टियमचे आराखडे आत घेण्याची सोयही त्यात आहे. मात्र असा आयात केलेला आराखडा बारकाईने तपासल्याखेरीज कामास लावू नये.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब अशी की, या क्षेत्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनेही भर घातली आहे. केंद्र शासनाच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेतून पवई येथे चालणाऱ्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले. कायकॅड आणि एनजी-स्पाइस या दोन मुक्त साधनांची त्यात जोड आहे. स्पाइस म्हणजे सर्किट प्रत्यक्ष जुळविण्यापूर्वी संगणकावर चालवून पाहण्याची पद्धत. तिचा उगम १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लॉरेन्स नेगल यांच्या कामात आहे. सिंगल फेजिंग ओळखणारा भाग एक फेज गेल्यावर किती वेळाने रिले सोडतो, हे मोटार न जाळता पाहता येणे ही लहान कारखान्याला केवढी बचत! पवईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ भारतीय भाषांत केले असून अनेक पाठ मराठीतही आहेत. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या मुलांना त्यांचा मोठा आधार होऊ शकतो.

एक लहानशी सोय येथे सांगण्यासारखी आहे. कायकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून संगणकातील इतर अक्षरवळणे आराखड्यात वापरता येतात. तेव्हा फलकावर ‘चालू’, ‘बंद’, ‘पाणी नाही’ असे देवनागरीत छापण्यास अडचण नाही. जोडाक्षरे मात्र आधी नीट पाहून घ्यावीत. खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या गावच्या वायरमनला याचा उपयोग किती, हे शहरात बसून कळावयाचे नाही.

मुक्त सॉफ्टवेअरला उणिवा नाहीत असे नव्हे. नव्या आवृत्तीत साठविलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. यास्तव कारखान्यातील सर्व संगणकांवर एकच आवृत्ती ठेवावी आणि चालू काम मध्यावर असताना ती बदलू नये. अडचण आली तर हक्काने दूरध्वनी करावा असा विक्रेता नसतो. पैसे घेऊन साहाय्य देणाऱ्या संस्था आहेत. एरवी स्वतः वाचून, विचारून मार्ग काढावा लागतो. आणि भागांच्या तयार लायब्ररीवर डोळे मिटून विश्वास टाकणे धोक्याचे. ही सूचना महागड्या सॉफ्टवेअरलाही तितकीच लागू आहे. फलकावर भाग बसण्याच्या जागेला फुटप्रिंट म्हणतात. ती एक मिलिमीटरने चुकली तर दोनशे फलक भंगारात जातात. उपाय अगदी साधा आहे: फलकाचा नकाशा मूळ मापात कागदावर छापावा, प्रत्यक्ष भाग आणून त्यावर ठेवून पाहावा व जुळला तरच त्याची नोंद कारखान्याच्या स्वतःच्या लायब्ररीत करावी. अशी तपासलेली लायब्ररी पाचएक वर्षांत त्या कारखान्याचे खरे भांडवल बनते.

पैसे देऊन घेण्याची वेळ

महागडे सॉफ्टवेअर घेऊच नये, असे म्हणणे एकांगी ठरेल. एखाद्या मोठ्या कंपनीचे काम मिळाले आणि तिने आराखडा आल्टियम किंवा ऑरकॅडमध्येच हवा अशी अट घातली, तर ते घ्यावे लागते. अतिवेगवान स्मृती-चिपा असलेला अनेक थरांचा फलक काढावयाचा असेल, तर त्यातील विशेष तपासण्यांचे मोल मिळते. मात्र तशा सॉफ्टवेअरची वर्गणी वर्षाला काही लाख रुपयांपर्यंत जाते आणि ती दरवर्षी भरावयाची असते, हे विसरू नये. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून किंवा बँकेकडून कर्ज घेताना जिल्हा उद्योग केंद्राला प्रकल्प अहवाल द्यावा लागतो. त्यात ही रक्कम यंत्रसामग्रीसारखी एकवेळचा खर्च म्हणून दाखविणे म्हणजे स्वतःचीच दिशाभूल. ती भाडे, वीजबिल यांच्या रांगेत बसते. जो कारखाना महिन्याला पन्नास स्टार्टर विकतो, त्याने प्रत्येक नगावर ही वर्गणी किती पडते याचा त्रैराशिक हिशेब एकदा मांडावा.

इंटरनेटवरच चालणारी काही सॉफ्टवेअर मोफत व सोपी आहेत. शिकाऊ मुलाला ती बरी. पण आराखडा दूरदेशीच्या संगणकावर राहतो, आणि जावळीच्या पावसाळ्यात वीज व इंटरनेट यांचा भरवसा किती धरावा हे श्रोत्यांना सांगावयास नको. तेथे काम केलेच, तर प्रत्येक संध्याकाळी आराखड्याची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी.

आता त्या पेनड्राइव्हविषयी. कुलूप तोडलेली प्रत वापरणे ही लहान गावातली सर्रास चाल आहे आणि ‘आपल्याला कोण विचारतो’ असे तिचे समर्थन होते. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार, अनधिकृत असल्याचे माहीत असूनही संगणक सॉफ्टवेअरची तशी प्रत वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. ज्या दिवशी मोठा ग्राहक कारखाना पाहावयास येतो आणि परवान्याची प्रत मागतो, त्या दिवशी वर्षानुवर्षांचे आराखडे दाखविण्याजोगे राहत नाहीत. फुकट मिळालेली ती प्रत धंदा वाढण्याच्या ऐन घटकेला आडवी येते, आणि तीही वैध मार्गाने विनामूल्य मिळणारे साधन हाताशी असताना.

निवड करण्यापूर्वी

विक्रेत्याने दाखविलेल्या प्रात्यक्षिकावरून निर्णय घेऊ नये. प्रात्यक्षिकात सर्वच सॉफ्टवेअर सुंदर दिसतात. कारखान्याने आपलाच एखादा जुना, चालू असलेला फलक घ्यावा आणि दोन सॉफ्टवेअरमध्ये तो आरंभापासून काढून पाहावा. पंधरा दिवस लागतील, लागू द्यावेत. ज्याला पुढे रोज हे काम करावयाचे आहे त्यानेच हा प्रयोग करावा, मालकाने त्याच्या मागे उभे राहून नव्हे. मग एक परीक्षा घ्यावी. तो आराखडा दुसऱ्या संगणकावर, शक्य तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो का? सुट्या भागांची यादी थेट हिशेबाच्या तक्त्यात जाते का? हे काम करणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीस गेला, तर साताऱ्याच्या किंवा कराडच्या महाविद्यालयातून येणारा दुसरा मुलगा आठवड्यात ते हाती घेऊ शकेल का? शेवटच्या प्रश्नाला लहान गावात विशेष वजन आहे, कारण येथे शिकलेला माणूस टिकविणे हेच सर्वांत अवघड.

निवड झाल्यावर प्रत्येक विक्रीस गेलेल्या फलकाची एक स्वतंत्र पेटी संगणकात असावी. तीत मूळ आराखडा, गर्बर फाइली, भागांची यादी, वापरलेली लायब्ररी आणि सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीची स्थापनाफाइलही असावी. आराखड्याची पीडीएफ प्रतही तीत ठेवावी, कारण बाकी सारे बंद पडले तरी ती वाचता येते. या पेटीच्या दोन प्रती कराव्यात व त्यांतली एक कारखान्याच्या इमारतीबाहेर, घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर काम थोडे सैल असते तेव्हा, त्यातील कोणताही एक जुना आराखडा काढून तो खरोखर उघडतो की नाही ते पाहावे. न उघडल्यास तो उघडून घेण्याचे काम त्याच आठवड्यात हाती घ्यावे.